दोन डोळ्यांची चादर

कारखान्यात त्यांना सगळे गुलाबराव म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळंच होतं, पण ते आता पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. चादरी छापण्याच्या त्या कारखान्यात ते डिझाईनर म्हणून लागले तेव्हा चांगले सडपातळ होते, डोक्यावर दाट केस होते आणि डोक्यात नाना कल्पना होत्या. लागल्या लागल्या पहिलंच डिझाईन त्यांनी गुलाबांचं केलं. टपोरे गुलाब आणि कडेने पानांची वेल. ती चादर अशी काही खपली की जुन्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता असंच काहीतरी काढत राहा."

माणूस आज्ञाधारक. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. मोठे गुलाब झाले, छोटे झाले, नुसत्या कळ्या झाल्या. एका वर्षी बाजार थंड होता तेव्हा निळे गुलाब काढून झाले, आणि या धाडसाबद्दल गुलाबराव कित्येक दिवस स्वतःवरच खूश होते. केस गेले, पोट आलं, गुलाब तेवढे टवटवीत राहिले. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की त्यांची नजर आधी पलंगाकडे जाई. तिथे आपली चादर दिसली की ते यजमानांना विचारत, "झोप शांत लागते ना?" जणू त्यांच्या झोपेची हमी यांनीच दिली होती.

पुढे जुने मालक थकले आणि त्यांची मुलगी मालकीणबाई म्हणून कारभार बघू लागली. लहानपणी ती कापडाच्या ताग्यांवर घसरगुंडी खेळायची, तेव्हापासून गुलाबरावांना काका म्हणायची. त्यामुळे तिने सांगितलं ते जरा जास्तच लागलं.

"काका, आता गुलाब पुरे."

"पुरे म्हणजे? जरा विरळ करू?"

"बंद करू. पुढच्या हंगामाला काहीतरी नवं हवंय."

"मग शेवंती?"

"फूलच नको, काका."

गुलाबराव केबिनमधून बाहेर आले ते भरल्या ताटावरून उठवल्यासारखा चेहरा करून. टेबलाशी बसले, पेन्सिलीला टोक केलं, कोऱ्या कागदाकडे बघत राहिले. दुपारपर्यंत हाताने आपसूक एक पाकळी काढली. ती खोडली. मग पुन्हा पेन्सिलीला टोक केलं. असे बरेच दिवस गेले आणि पेन्सिली तेवढ्या बुटक्या झाल्या.

मालकीणबाईंच्या हे लक्षात आलं. त्यांनी चांगल्या मनाने गुलाबरावांना एका शिबिराला पाठवलं. कल्पना आटलेल्या माणसांसाठीच ते शिबीर होतं. अनवाणी फिरणारे एक गृहस्थ तिथे दिवसभर बोलले. रोजची वाट सोडा, डाव्या हाताने कामं करा, आवडलेल्या चित्रांची कात्रणं डोळ्यांसमोर लावून ठेवा, मेंदूला धक्का बसला पाहिजे, असं त्यांचं सांगणं. गुलाबराव पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होते. घरी आले ते एकदम पेटूनच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याला जायची वाट बदलली. नवी वाट गोदामांच्या मागे जाऊन एका भिंतीशी संपली. तिथे एका कुत्र्याने त्यांच्या मेंदूला हवा तसा धक्का दिला, आणि ते उशिरा, धापा टाकत कामावर पोचले. डाव्या हाताने दात घासले तेव्हा हिरडी सोलली. डाव्या हाताने साखर घेतली ती निम्मी ओट्यावर सांडली आणि मुंग्यांना तेवढी प्रेरणा मिळाली. शेवटी त्यांनी झोपायच्या खोलीतली भिंत कात्रणांनी भरून टाकली. पूल, पक्षी, दिव्यांचे खांब, कुणा अनोळखी बाईचा कान, आणि या सगळ्यांना जोडणारे लाल दोरे.

बायको गणिताची शिक्षिका. तिने दारात उभं राहून भिंत नीट पाहिली. "अहो, ही झोपायची खोली आहे की पोलीस ठाणं? कोणाचा खून झालाय?"

"माझ्या कल्पनाशक्तीचा," गुलाबराव खोल आवाजात म्हणाले.

"मी इतकी वर्षं तोच गुणाकार शिकवतेय. मला कोणी प्रेरणेबद्दल विचारत नाही ते." आणि तिने इस्त्रीचे कपडे कपाटात लावायला घेतले.

अशा अवस्थेत घरात सासूबाई आल्या.

त्या एरवी मुलाकडे, दुसऱ्या गावी राहायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. इथले डोळ्यांचे डॉक्टर चांगले म्हणून लेकीने त्यांना आणवून घेतलं. आधी उजवा डोळा करायचा, तो बरा झाला की डावा, असं ठरलं. नेमक्या त्याच वेळी लेकीच्या शाळेत परीक्षा लागल्या. म्हणजे दिवसा सासूबाईंजवळ थांबायचं कोणी? गुलाबरावांनी रजा मागितली तेव्हा मालकीणबाई इतक्या चटकन हो म्हणाल्या, की त्यांना जरा वाईटच वाटलं.

ऑपरेशन सुखरूप झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी काढली. सासूबाईंनी डोळा किलकिला केला, मग पूर्ण उघडला. आधी त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"अगं, तू इतकी पिकलीस कधी?"

लेक हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग सासूबाईंची नजर जावयाकडे वळली आणि तिथेच खिळली.

"जावईबापू, मला वाटत होतं तुम्हाला केस आहेत."

"होते, आई," गुलाबराव म्हणाले. "तुमच्या डोळ्यांनी ते जरा जास्त दिवस टिकवले."

घरी आल्यावर त्यांना आतल्या खोलीत पलंगावर बसवलं. पलंगावर अर्थातच गुलाबांची चादर होती, पहिल्या डिझाईनची. अशीच एक गुलाबरावांनी लग्नानंतर सासूबाईंना भेट दिली होती आणि ती त्या अजून वापरत होत्या. सासूबाईंनी चादरीवरून हात फिरवला, वाकायचं नाही म्हणून चादरीचं टोकच उचलून डोळ्यांशी आणलं आणि बराच वेळ निरखलं. गुलाबराव कौतुकाची वाट बघत उभे.

"इतकी वर्षं मला ही कोबी वाटायची," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं आपल्यालाच नीट दिसत नाही, गुलाब असतील."

"मग?"

"आता लख्ख दिसतंय. कोबीच आहे."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून खोकल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

तर असे दिवस सुरू झाले. गुलाबरावांनी ठरल्या वेळी डोळ्यात थेंब घालायचे. सासूबाईंनी मान मागे टाकून, जबडा घट्ट मिटून, फाशी जाणाऱ्या माणसासारखं बसायचं. थेंब पडला की म्हणायचं, "गालावर पडला." दोघांचं बोलणं आजवर 'प्रवास बरा झाला ना' आणि 'तब्येत कशी आहे' यापलीकडे गेलेलं नव्हतं. आता दिवसभर एका घरात दोघंच, आणि त्यातल्या एकाला नवा कोरा डोळा मिळालेला.

सासूबाईंना सगळंच बघायचं होतं. त्या काळा चष्मा लावून घरभर हिंडायच्या, आणि उन्हाची तिरीप नसेल तिथे तो कपाळावर चढवून वस्तूंची तपासणी करायच्या. दिव्याच्या बटणाभोवती बोटांचे डाग किती आहेत, पंख्याच्या पात्याची एकच कड काळी का, खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर सरळ पडते आणि खुर्चीवर चढली की मोडते कशी. गुलाबराव मागे मागे, कारण त्या पडतील अशी भीती.

एकदा त्या हात धुवायला गेल्या आणि नळापाशीच थबकल्या.

"इकडे या. या नळाच्या पोटात कोण बसलंय?"

गुलाबराव वाकले. नळ चकचकीत होता. त्याच्या फुगीर पोटात अख्खी खोली वाकून बसली होती. दार, खिडकी, खिडकीतलं निळं आभाळ, आणि पुढ्यात एक टकलू बुटका माणूस.

"मीच आहे, आई."

"पोट फार दिसतंय."

हा नळ गुलाबराव रोज सोडत होते आणि बंद करत होते. आत काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना जरा चोरट्यासारखं वाटलं. मग ते पेन्सिल घेऊन आले आणि स्टुलावर बसून नळ काढू लागले. चित्र भिकार झालं. पण त्यात पाकळी नव्हती, एवढं त्यांनी दोनदा तपासून पाहिलं.

खरी गंमत पुढे झाली. सासूबाई खिडकीशी बसून एकदा उजवा डोळा मिटत होत्या, एकदा डावा. मधूनच हसत होत्या. गुलाबराव धावत आले. टाका तर सुटला नाही ना?

"आई, दुखतंय का?"

"छे हो. हा नवा डोळा मिटला की सगळं चहात बुडवून काढल्यासारखं दिसतं. तो जुना मिटला की आत्ताच धुवून वाळत घातल्यासारखं. हा पेलाच बघा ना. इकडून पिवळा, तिकडून निळा. एकच पेला."

गुलाबरावांनी पेल्याकडे पाहिलं. आधी एक डोळा मिटला, मग दुसरा.

"मला सारखाच दिसतोय."

"तुमचे दोन्ही एकसारखे," सासूबाई कनवाळूपणे म्हणाल्या. "काय करणार."

गुलाबरावांनी जेवण पटकन उरकलं. जेवण झाल्यावर त्यांनी रंगांचा जुना डबा काढला, खिडकीच्या फळीवरच्या वस्तू होत्या तशाच ठेवल्या आणि समोर बसले. पाण्याचा जग, पेला, चष्म्याचं घर, थेंबांची बाटली, वर गजांची सावली. कागदाच्या मधून त्यांनी एक उभी रेघ मारली. रेघेच्या एका अंगाला तीच फळी पिवळट, मऊ कडांची, धुक्यात उभी असावी तशी. दुसऱ्या अंगाला तीच फळी निळसर, धारदार. डबल बेडची चादर डोळ्यांसमोर आली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. असा काटा यापूर्वी कधी आला होता, ते त्यांना आठवेना.

पण निळा जमला तरी पिवळा जमेना. तो रंग त्यांनी पाहिलेलाच नव्हता, कारण तो फक्त एकाच माणसाला दिसत होता. मग सासूबाईंना समोर बसवून कामाला सुरुवात झाली. गुलाबराव रंग कालवून कागदाच्या कपट्याला लावायचे, सासूबाई उजवा डोळा मिटून पारखायच्या.

"असा?"

"अजून मळकट."

"आता?"

"आता चहात दूध जास्त झालं."

"हा?"

"हा तर मोहरीच्या डब्यासारखा आहे. मला इतकं वाईट दिसत नव्हतं."

बायको शाळेतून आली की दोघं असे बसलेले. एक कपटे हलवतोय, एक डोळा मारतेय. तिला आपण चुकीच्या घरात शिरलो की काय असं वाटायचं.

एवढ्यात तपासणीची वेळ आली. डॉक्टर खूश होते. म्हणाले, उजवा छान बसलाय, आता डावाही लवकर उरकून टाकू. त्या दिवशी बायकोही बरोबर होती. घराशी आल्यावर गुलाबराव अगदी सहज बोलल्यासारखं बोलले, "डाव्याची एवढी घाई कशाला? थोडी विश्रांती घेऊन, मग सावकाश..."

"का?" बायकोने विचारलं.

"नाही, म्हणजे आईंना दगदग."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. आधीच गणिताची शिक्षिका, उत्तर चुकलं की तिला पहिल्या पायरीपासून कळे. "अहो, तो डोळा आहे माझ्या आईचा! तुमच्या रंगाचा नमुना नाही."

गुलाबरावांचा चेहरा उतरला. तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "जावईबापू, माझा डावा डोळा तुमच्या कारखान्यात कामाला लागलाय होय? मला सांगायचं तरी."

त्या हसत होत्या, पण गुलाबरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका रंगापायी आपण म्हातारीला अर्ध्या उजेडात बसवायला निघालो होतो, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. ते चपला घालून तसेच परत दवाखान्यात गेले आणि डाव्या डोळ्याची तारीख नक्की करून आले. आल्यावर रंगांचा डबा उचलून माळ्यावर टाकायला निघाले, तर सासूबाईंनी अडवलं.

"कुठे निघालात? बसा. डोळा शिल्लक आहे तोवर काय विचारायचं ते विचारून घ्या. नंतर माझ्या नावाने बोंब नको."

मग पुढचे दिवस त्या रोज बसल्या. उजवा डोळा मिटून मिटून त्यांचा गाल दुखायला लागायचा, तो चोळायच्या आणि पुन्हा बसायच्या. एका सकाळी गुलाबरावांनी कपटा समोर धरला. सासूबाई एकदा कपट्याकडे, एकदा पेल्याकडे असं बघत राहिल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. मग मिटलेला डोळा उघडून, "तुमच्या सासऱ्यांच्या शेवटच्या दिवसांत मला सगळं असं दिसत होतं. मला वाटायचं खोलीतला दिवाच कमी आहे."

गुलाबराव उठले. त्यांनी कपटा वाळत ठेवला आणि सासूबाईंसाठी चहा टाकला.

डावा डोळाही छान झाला. गुलाबराव डिझाईन घेऊन कारखान्यात गेले. बैठकीत कागद टेबलावर पसरला तेव्हा विक्रीचे साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"गुलाबराव, हे काय? अर्धी चादर उन्हात विसरलात?"

"दोन डोळ्यांनी दिसतं तसं आहे, साहेब." आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. सांगताना हातवारे करून, डोळे मिचकावून, नळासकट. ऐकून शिपायानेसुद्धा एक डोळा मिटून पाहिला.

"हकिगत चांगली आहे," साहेब म्हणाले, "पण चादरीबरोबर तुमच्या सासूबाईंना कसं पाठवायचं? गिऱ्हाईक म्हणेल, धुतल्यावर एक बाजू विटली."

मालकीणबाई बराच वेळ कागदावर झुकून होत्या. शेवटी म्हणाल्या, "थोड्याच छापून बघू. आणि काका, हा पेला मला आवडला. पिवळ्यातला जास्त."

चादरी बाजारात गेल्या. साहेबांचा अंदाज अगदीच चुकला नाही. एका दुकानदाराने माल परत पाठवला, वर 'निम्मा फिका' असा शेरा. साहेब तो कागद दिवसभर हातात घेऊन फिरत होते. पण दुसऱ्या एका दुकानातून आणखी मागणी आली. तिथला दुकानदार फोनवर म्हणाला, नवरा-बायको दुकानातच भांडतात, कुठली बाजू कोणाची म्हणून, आणि भांडण मिटवायला चादर घेऊन जातात. गुलाबांसारखा गवगवा काही झाला नाही. पण मालकीणबाईंनी पुढच्या हंगामासाठी डिझाईनरांच्या यादीत गुलाबरावांचं नाव पहिलं घातलं.

गुलाबराव पहिली चादर घेऊन घरी आले आणि सासूबाईंसमोर ती मोठ्या थाटात उलगडली. सासूबाईंनी दोन्ही डोळ्यांनी पाहिली.

"ही बाजू अशी का? डाग पडलेत?"

"आई, हा तुमचा जुना डोळा. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

"मला असं दिसायचं? छे!" त्या ठामपणे म्हणाल्या, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

कारण आता त्यांना सगळं नीट दिसत होतं आणि नीट दिसण्याची सवयही झाली होती. गुलाबराव आशेने विचारायचे, "आई, आज काय दिसलं?" त्या म्हणायच्या, "मालिका." काही दिवसांनी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. निघताना त्यांनी जावयाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "थेंब तुम्ही चांगले घालता. बाकी कशात नाही तरी यात हात बसलाय."

घर ओकंबोकं झालं आणि गुलाबराव पुन्हा कोऱ्या कागदासमोर येऊन बसले. पहिल्यांदा त्यांची चांगलीच तंतरली. पुढचं काय? सासूबाई एकच होत्या आणि त्यांचे डोळेही दोनच. घाबरून ते एक डोळा हाताने झाकून गल्लीतून फिरून आले. कोपऱ्यावरच्या शिंप्याने हाक मारली, "तुमचंही ऑपरेशन झालं का?" त्यांनी हात खाली घेतला आणि मुकाट घरी आले.

त्यानंतर मात्र त्यांनी खटपटी बंद केल्या. कारखान्यात आल्यावर दिसेल ती वस्तू समोर ठेवून ते काढायला बसू लागले. पहिला कागद हमखास फुकट जाई. दुसराही बहुतेक जाई. पूर्वी याचा त्यांना धसका बसायचा. आता ते कागद बाजूला सारून तिसरा घेत. त्यांनी केराच्या खराट्याची चादर काढली, ती मालकीणबाईंनी बघताक्षणी नाकारली. "काका, केरावर कोण झोपेल?" ते पटलं त्यांना. ओल्या फरशीवरच्या चपलांच्या ठशांची काढली, ती साहेबांनासुद्धा आवडली, आणि यात काहीतरी गडबड आहे असं वाटून गुलाबरावांनी ती पुन्हा एकदा तपासली. मधूनच एखाद्या कोपऱ्यात गुलाब डोकावला तर ते त्याला राहू देत. इतक्या वर्षांची ओळख, एकदम तोंड कसं फिरवायचं?

बायकोला मात्र याचा जाच सुरू झाला. परवा दोघं तिच्या बहिणीकडे जेवायला निघाली होती. बस थांब्यावर दोघं उभी होती. तिथे कोणाच्या तरी गाडीतून तेल सांडलं होतं आणि त्यावर पाणी साचलं होतं. गुलाबराव गुडघ्यांवर हात ठेवून त्यात बघत होते. जांभळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो ते काही केल्या हाती लागत नव्हतं.

"अहो, बस आली."

"हो हो. एक मिनिट."

ती चढली. तिला वाटलं मागून येताहेत, म्हणून तिने दोन तिकिटं काढली. कंडक्टरने घंटी मारली, बस हलली, आणि तिने खिडकीतून बाहेर पाहिलं तर नवरा अजून तसाच ओणवा. तिने हाक मारली नाही. दोन तिकिटांतलं एक घडी करून पर्समध्ये टाकलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून ती आरामात टेकून बसली.